खापर, हाड, दाणा, माती : डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व विभागाची वाटचाल

डेक्कन कॉलेजच्या दोनशे वर्षांचा हिशेब मांडताना एक गोष्ट आधीच सांगून टाकलेली बरी. पुरातत्त्व विभागाचे वय या दोनशेच्या निम्म्याहूनही कमी आहे. तरीही आज भारतात वा परदेशात डेक्कन कॉलेजचे नाव काढले की बहुतेकांना आठवते ती उत्खनने, खापरे आणि पुरातत्त्वज्ञ सांकलियांचे नाव. थोरल्या घराण्यात उशिरा आलेल्या धाकट्याने नाव काढावे, तसे हे झाले आहे. विभाग नावारूपाला आला त्याची कारणे अनेक आहेत. माझ्या मते मुख्य कारण एकच: खापर ओळखणारा, हाड ओळखणारा, दाणा ओळखणारा आणि माती ओळखणारा अशी सगळी माणसे इथे एकाच छपराखाली बसली. ही रचना कुणी आधी कागदावर आखलेली नव्हती. ती गरजेतून जुळत गेली.

पूर्वपीठिका : १८२१ ते १९३९

पेशवाई बुडाल्यावर विद्वान ब्राह्मणांना दिल्या जाणाऱ्या दक्षिणेचे काय करायचे, हा प्रश्न गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्यापुढे होता. त्या निधीचा काही भाग वळवून ६ ऑक्टोबर १८२१ रोजी विश्रामबाग वाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली. १८५१ मध्ये तिचे पूना कॉलेज झाले. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून येरवड्याच्या टेकाडावर काळ्या दगडाची देखणी इमारत उभी राहिली. तिची कोनशिला १८६४ मध्ये सर बार्टल फ्रिअर यांनी बसवली आणि १८६८ मध्ये वर्ग तिकडे हलले. कॅप्टन विल्किन्स यांनी आराखडा केलेली ही वास्तू आजही संस्थेची मुख्य इमारत आहे. रा. गो. भांडारकर इथे शिकवत. टिळक, आगरकर, राजवाडे इथेच शिकले. टिळकांची खोली आजही दाखवली जाते, हे पुणेकरांना वेगळे सांगायला नको.

१९३४ मध्ये सरकारने कॉलेज बंद केले. तो काळ संस्थेच्या इतिहासातला कडू भाग आहे. माजी विद्यार्थ्यांनी देणगीच्या मूळ अटींचा आधार घेऊन न्यायालयात दाद मागितली, वाटाघाटी झाल्या, आणि १७ ऑगस्ट १९३९ रोजी कॉलेजचे दार पुन्हा उघडले. मात्र आता ते पदवी कॉलेज उरले नव्हते. त्याची पदव्युत्तर व संशोधन संस्था झाली होती. बंद पडलेले कॉलेज सुरू करताना जुन्याचीच नक्कल न करण्याचे शहाणपण त्या वेळच्या मंडळींनी दाखवले, याचे श्रेय त्या सर्वांना सामूहिकपणे द्यायला हवे.

१९३९ ते १९४९ : मोजकी माणसे, वाळूची टेकडी

नव्या संस्थेत माणसे थोडी होती, पण निवडक होती. भाषाशास्त्राला डॉ. सु. मं. कत्रे, मराठ्यांच्या इतिहासाला त्र्यं. शं. शेजवलकर, समाजशास्त्र-मानवशास्त्राला इरावती कर्वे, आणि प्राचीन भारतीय इतिहासाला तिशीतले डॉ. हसमुख धीरजलाल सांकलिया. सांकलिया मूळचे मुंबईचे. लंडन विद्यापीठाची डॉक्टरेट त्यांनी मिळवली होती आणि इंग्लंडात मेडन कासलच्या उत्खननात मॉर्टिमर व्हीलर यांच्या हाताखाली माती उकरली होती. सातारचा पारसनीस संग्रहही याच सुमारास इथे आला. त्यातून मराठा इतिहासाचे संग्रहालय उभे राहिले.

पुरातत्त्वासाठी वेगळी इमारत, प्रयोगशाळा, वाहन यांतले काहीही नव्हते. सांकलियांनी पुण्याच्या आसपास पायपीट सुरू केली. भोसरीच्या शिळावर्तुळांवरचा त्यांचा लेख संस्थेच्या बुलेटिनच्या पहिल्याच खंडात आला. १९४१ पासून ते गुजरातेत साबरमतीच्या काठाने फिरले. रॉबर्ट ब्रूस फूट यांनी अर्धशतकापूर्वी जिथे दगडी हत्यारे पाहिली होती, तिथला धागा त्यांना पुढे न्यायचा होता. त्याच मोहिमांत मेहसाणा जिल्ह्यातील लांघणज गावी एका वाळूच्या टेकडीत बारीक गारगोट्यांची हत्यारे आणि माणसांचे सांगाडे सापडले.

विभागाचा स्वभाव इथे ठरला. सांगाडा हाती आल्यावर त्याचे मोजमाप कोण घेणार? शेजारच्या दालनात इरावतीबाई होत्या. त्या कॅलिपर घेऊन लांघणजला गेल्या. इतिहासाचा प्राध्यापक आणि मानवशास्त्राची प्राध्यापिका एकाच खड्ड्यावर वाकून काम करत आहेत, हे दृश्य तेव्हाच्या भारतीय विद्यापीठांत दुर्मीळ होते. पुढे तिथल्या हाडांत गेंड्याच्या खांद्याचे हाडही ओळखले गेले. आजच्या मेहसाण्यात एकेकाळी गेंडा चरत होता म्हणजे हवामान किती वेगळे असेल, हा प्रश्न मग आपोआप पुढे आला. त्यासाठी १९४९ मध्ये लंडनहून प्रा. एफ. ई. झॉयनर आले. त्यांनी गुजरातच्या नद्यांचे काठ आणि वाळू तपासून जो अहवाल लिहिला तो संस्थेनेच छापला. मातीचा अभ्यास विभागात आला तो असा.

कोल्हापूरला पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीत प्रा. कुंदणगार यांना रोमन बनावटीच्या काशाच्या वस्तू मिळाल्या होत्या, त्यांत पोसायडनची सुबक मूर्ती होती. १९४५-४६ मध्ये सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी तिथे रीतसर उत्खनन केले. मण्यांवरचे दीक्षितांचे काम आजही अभ्यासकांच्या टेबलावर असते.

१९५० ते १९५९ : नदीकाठची टेकाडे

हे दशक महाराष्ट्राच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे. सातवाहनांच्या आधी या भूमीत शेती करून राहणारे लोक कोण होते, याचे उत्तर तोवर कुणापाशी नव्हते. १९५०-५१ मध्ये सांकलिया आणि शां. भा. देव यांनी नाशिक आणि संगमनेर तालुक्यातील प्रवरेकाठचे जोर्वे इथे खणले. जोर्व्याला तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडी मिळाल्या आणि तांबड्या अंगावर काळी नक्षी काढलेली भांडी मिळाली. खूप भाजलेली, टिचकी मारली तर धातूसारखी वाजणारी, काहींना बाजूला तोटी. त्या एका लहानशा गावाच्या नावाने दख्खनच्या ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीला ओळख मिळाली. नाशिकजवळ गोदावरीकाठी गंगापूरला तर त्याहून कितीतरी जुनी दगडी हत्यारे हाती आली. १९५२ साली त्यावर स्वतंत्र प्रबंधिका निघाली.

१९५२-५३ मध्ये नर्मदेकाठी महेश्वर आणि समोरच्या तीरावरील नावडातोली इथे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाबरोबर संयुक्त मोहीम झाली. नावडातोलीचे काम पुढे १९५७-५९ मध्येही चालले. बडोद्याचे बेंडापुडी सुब्बाराव हे सांकलियांचेच विद्यार्थी. शिष्याने दुसऱ्या विद्यापीठात विभाग उभारला आणि गुरूबरोबर एकाच मांडवाखाली मोहीम काढली. पुढे देव नागपूर विद्यापीठात गेले. टाकळघाट-खापा, माहूरझरी, नैकुंड इथली विदर्भाची शिळावर्तुळे त्यांनी उजेडात आणली.

१९५४ ते १९५६ मध्ये नेवासे. ज्ञानेश्वरांमुळे महाराष्ट्राला ठाऊक असलेल्या या गावात प्रवरेच्या काठी लाडमोड नावाचे टेकाड आहे. अश्मयुगापासून मराठा काळापर्यंतचे थर तिथे एकाखाली एक लागले. एका लहान मुलाच्या गळ्यातील तांब्याच्या मण्यांच्या माळेत धागा टिकून राहिला होता. तांब्याच्या क्षारांमुळे तो कुजला नव्हता. तज्ज्ञांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून त्यात रेशीम आणि कापूस ओळखले. धागा, धान्य आणि हाडे यांवरचे असे तांत्रिक अहवाल १९६१ मध्ये संस्थेने एकत्र छापले. उत्खननाच्या अहवालात राजांच्या नाण्यांइतकीच जागा जळक्या दाण्याला मिळू लागली, आणि विभागात शिकणाऱ्या मुलांना ते नैसर्गिकच वाटू लागले.

या सगळ्या मोहिमा अगदी तुटपुंज्या पैशांत झाल्या. तंबू, कंदील, एखादी उसनी गाडी, गावची धर्मशाळा किंवा शाळेची खोली एवढ्यावर हंगाम निघे.

१९६० ते १९६९ : देशभर पसरलेला विभाग

१९६० मध्ये देव आणि झैनुद्दीन अन्सारी यांनी घोड नदीकाठचे चांडोली खणले. तिथे तांब्याची शृंगधारी मुठीची कट्यार मिळाली. १९६१-६२ मध्ये उदयपूरजवळ आहाड, नंतर कर्नाटकात टेक्कलकोटा, पुढे मध्य प्रदेशात त्रिपुरी. राजस्थानात वि. ना. मिश्र यांनी बागोर खणले. जर्मन विदुषी गुद्रुन कोर्विनस यांनी १९६६ ते १९६९ मध्ये नेवाशाजवळच्या चिरकी इथे आदिअश्मयुगीन स्थळावर काम केले. सांकलियांची पद्धत साधी होती. येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या पदरात एखादी नदी किंवा एखादा जिल्हा टाकायचा. रा. वि. जोशी यांच्या वाट्याला मलप्रभा आली, पद्दय्या यांच्या वाट्याला शोरापूर दुआब. विद्यार्थी नदीच्या उगमापासून चालत सुटे आणि दोनतीन वर्षांनी प्रबंध घेऊन परते. भारताच्या नकाशावरचे किती तरी कोरे भाग असे भरले गेले.

१९६४ साली भारतीय प्रागितिहासावरचा परिसंवाद इथे भरला. अश्मयुगाच्या टप्प्यांना कोणती नावे द्यावीत यावर तिथे बरीच घासाघीस झाली. मिश्र आणि म. श्री. माटे यांनी संपादित केलेले त्याचे इतिवृत्त पुढल्याच वर्षी निघाले. आजच्या वेगाने पाहता हेही कौतुकाचेच.

१९७० ते १९७९ : इनामगाव

या मथळ्याखाली खरे तर १९६८ ते १९८३ एवढा काळ यायला हवा. पण इनामगावचे नाव सत्तरच्या दशकाशीच जोडले गेले आहे.

पुण्याच्या पूर्वेला नव्वदेक किलोमीटरवर, शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी हे टेकाड आहे. तोवरच्या बहुतेक उत्खननांत एक उभा, खोल चर घेतला जाई. त्यातून कोणत्या थरानंतर कोणता थर येतो ते कळे, पण गाव कसे होते ते कळत नसे. इनामगावला आडवे खणायचे ठरले. पाच मीटर बाय पाच मीटरचे चौकोन आखायचे, मध्ये बांध सोडायचे, आणि हंगामामागून हंगाम गाव उघडे करत जायचे. सांकलिया, मधुकर केशव ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी यांच्या नेतृत्वाखाली हे काम बाराहून अधिक वर्षे चालले. सांकलिया १९७३ मध्ये निवृत्त झाले, १९७४ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले, तरी इनामगावशी त्यांचे नाते तुटले नाही.

जे हाती आले त्यातून सुमारे इ. स. पू. १६०० ते ७०० पर्यंतच्या गावाचा संसारच उभा राहिला. शंभराहून अधिक घरे. सुरुवातीला ऐसपैस चौकोनी, कुडाच्या भिंतींची. शेवटच्या काळात लहान, गोल झोपड्या. नदीच्या पुराचे पाणी वळवणारा पाट आणि त्याला लागून बांध. बार्लीचे जळके दाणे. भांडी भाजायची भट्टी. झाकण घातलेली मातीची पेटी, एक शीर नसलेली देवी आणि तिच्यासोबत बैल. लहान मुले गेली की दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यांत त्यांना ठेवत आणि घराच्या जमिनीखालीच पुरत. मोठ्या माणसांना पुरताना बहुधा घोट्याखालची पावले तोडत. गेलेले माणूस परत चालत येऊ नये म्हणून की आणखी कशासाठी, यावर वर्गात आजही वाद रंगतो.

एका पाच खोल्यांच्या घराच्या आवारात चार पायांचा, माणसाच्या धडासारखा घडवलेला कच्च्या मातीचा रांजण निघाला. त्यात एक प्रौढ माणूस मांडी घालून बसवलेला होता, पावलांसह. घर मोठे, शेजारी धान्याची कोठारे, आणि पुरण्याची रीत निराळी. हा गावचा मुखिया असावा असे अनुमान ढवळीकरांनी काढले. इ. स. पू. १००० च्या सुमारास पाऊस ओसरला, शेती ढासळली आणि घरे आक्रसली, हे त्यांचे प्रतिपादन पुढे बरेच चर्चिले गेले. ते मांडता आले कारण हाडे पाहणारे, दाणे पाहणारे, माती पाहणारे सगळे तिथे एकाच मांडवात होते. भूशास्त्राची बाजू शरद राजगुरू यांनी लावून धरली, प्राण्यांची हाडे बादाम आणि थॉमस यांनी पाहिली, वनस्पती काजळे यांनी, मानवी सांगाडे वाळिंबे यांनी.

इनामगाव ही विभागाची खरी शाळा ठरली. मुलांचे पहिले काही दिवस खापरे धुण्यात जात. मग सुकवणे, प्रत्येक खापरावर चौकोनाचा आणि थराचा क्रमांक बारीक अक्षरात घालणे, जात लावणे. त्यानंतर खड्ड्यात उतरायचे. थराची बाजू खुरप्याने तासून सरळ कशी ठेवायची, राखेचा पट्टा कुठे संपतो आणि खांबाचा खळगा कुठे सुरू होतो हे बोटाला कसे कळते, हे पुस्तकात नसते. ते बहुतेकांना गावच्या मजुरांनीच शिकवले. हंगामामागून हंगाम काम केलेल्या गड्याला कुदळीच्या आवाजावरून जमीन बदललेली कळे. तो हात वर करी, आणि मग प्राध्यापक ब्रश घेऊन बसत. या स्त्री-पुरुषांची, चित्रकारांची, छायाचित्रकारांची, स्वयंपाक्यांची नावे अहवालात एखाद्या परिच्छेदात येतात किंवा येतही नाहीत. विभागाच्या यशात त्यांचा वाटा प्राध्यापकांच्या बरोबरीचा आहे, हे या निमित्ताने नोंदवलेच पाहिजे.

याच दशकात मिश्रांनी १९७३ पासून भीमबेटका इथे शैलाश्रयांत खणून आदिअश्मयुगापासूनचा क्रम लावला. भीमबेटक्याचा शोध लावणारे वि. श्री. वाकणकर यांनी शैलचित्रांवरचा आपला प्रबंध इथेच पूर्ण केला. सांकलियांनी रामायणाच्या ऐतिहासिकतेवर लिहिले तेव्हा वृत्तपत्रांत बरीच धूळ उडाली. ती यथावकाश खाली बसली.

१९८० ते १९८९ : अहवालांचे दिवस

खणणे सोपे, लिहिणे अवघड. इनामगावचा अहवाल १९८८ मध्ये आला. मानवी अवशेषांवरचा खंड जॉन लुकाक्स आणि वाळिंबे यांनी लिहिला. तिकडे ढवळीकर गुजरातेत कुंतासीला हडप्पाकालीन बंदर खणत होते, आणि पद्दय्या कर्नाटकात हुणसगी खोऱ्यात रमले होते. कुकडीकाठच्या बोरीला ज्वालामुखीच्या राखेचा थर मिळाला. त्याच्या वयाबद्दल इथल्या अभ्यासकांतही एकमत झाले नाही आणि चहाच्या टेबलावर त्याची चर्चा बरीच वर्षे पुरली. मतभेद शास्त्रापुरते राहिले, असे म्हणण्याची अशा लेखांत रीत आहे, आणि ते बव्हंशी खरेही आहे.

१९८९ च्या जानेवारीत डॉ. सांकलिया गेले. मराठी वाचकांसाठी लिहिण्याची परंपरा देवांनी 'पुरातत्त्वविद्या'मधून आणि ढवळीकरांनी 'कोणे एके काळी सिंधू संस्कृती', 'आर्यांच्या शोधात' अशा पुस्तकांतून राखली.

१९९० ते १९९९ : अभिमत विद्यापीठ

५ मार्च १९९० रोजी संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. तोवर शिकवणी येरवड्याची आणि पदवी पुणे विद्यापीठाची अशी व्यवस्था होती. आता अभ्यासक्रम आपल्या हाती आला. एम.ए.च्या मुलांना लिपी, नाणी, मूर्तिशास्त्र, मंदिरस्थापत्य यांच्या जोडीला भूपुरातत्त्व, प्राणिपुरातत्त्व आणि वनस्पतिपुरातत्त्व शिकणे भाग झाले. कला शाखेच्या मुलांना रसायनाची धास्ती आणि विज्ञानाच्या मुलांना ब्राह्मी लिपीची, असा समतोल साधला गेला!

मिश्र संचालक असताना राजस्थानात बालाथलचे उत्खनन सुरू झाले. तिथल्या सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या एका सांगाड्यावर कुष्ठरोगाच्या खुणा ओळखल्या गेल्या, ते २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. इसामपूरला पद्दय्या यांना चुनखडीच्या लाद्या फोडून हत्यारे घडवण्याची जागाच सापडली. लाद्या, त्यांतून काढलेले छिलके, अर्धवट सोडलेली हत्यारे सगळे जागच्या जागी.

२००० नंतर

हरियाणात फरमाणा, मग राखीगढी. वसंत शिंदे यांच्या नेतृत्वाखालील या मोहिमांत जपान आणि कोरियातले सहकारी होते. राखीगढीतील साठाहून अधिक अस्थिनमुने तपासल्यावर अभ्यासण्याजोगा जनुकीय अंश एकाच स्त्रीच्या अवशेषांत मिळाला. सप्टेंबर २०१९ मध्ये तो निबंध प्रसिद्ध झाला आणि त्याचे अर्थ लावण्यात सगळा देश गुंतला. इतके नमुने तपासून एकच हाती लागणे म्हणजे काय, हे मात्र प्रयोगशाळेत बसलेल्यांनाच ठाऊक.

वारशाचे जतन हा आता अभ्यासाचा ठळक भाग आहे. पूर्वी विद्यार्थी स्थळ शोधायला निघे. आज त्याला आधी ते स्थळ उरले आहे का, हे पाहावे लागते. धरणाचे पाणी, वीटभट्ट्या, सपाट केलेली शेते, रस्त्यासाठी नेलेला मुरूम यांनी नदीकाठची टेकाडे झपाट्याने कमी होत आहेत. पांढरीची, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडाची, माती खतासारखी शेतात टाकण्याची रीत तर जुनीच आहे. त्यामुळे नकाशे, उपग्रहचित्रे आणि गावकऱ्यांशी बोलणे यांचे शिक्षण कुदळीइतकेच गरजेचे झाले आहे.

विभागाचे संग्रहालय अभ्यागतांना खुले आहे. इनामगावचा चार पायांचा रांजण तिथे पाहायला मिळतो. मागच्या कोठारांत नेवासे आणि इनामगावची खापरे व हाडे क्रमांकवार ठेवली आहेत आणि त्यांवर अजून काम होते. इनामगाव, नेवासे, दायमाबाद इथल्या बालकांच्या हाडांवरून त्या काळच्या उपासमारीचा आणि हवामानाचा अंदाज घेणारे ग्वेन रॉबिन्स शूग यांचे पुस्तक २०११ मध्ये आले. खोदणाऱ्यांनी तेव्हा ती हाडे नीट क्रमांक घालून ठेवली नसती, तर ते लिहिता आले नसते. कोणत्याही शाखेचा पदवीधर एम.ए.ला प्रवेश घेऊ शकतो. पहिल्या सहामाहीत त्याच्या हाती अजूनही ब्रश, पाण्याचे घमेले आणि खापरांची पिशवीच दिली जाते.